युनिफॉर्म आपापला आणावा

असा निरोप जोतिबा कुगजीनं मोबाईलवर धाडला.
रोज आठशे, दुपारचं जेवण,
युनिफॉर्मचे शंभर वेगळे.

उद्यमबागेत बंद पडलेली एक फाउंड्री.
तिथं आम्ही अकरा जण, साठीला टेकलेले,
पोट आत ओढून बटणं लावत होतो.
मोनाप्पा तरळेचं शेवटचं बटण लागलंच नाही.
"मागनं घ्या की मला," तो म्हणाला,
आणि खरंच, अख्ख्या सिनेमात त्याची पाठच आहे.

गोष्ट अशी :
एक मेजर आपलीच तुकडी विकतो, बर्फात सोडून येतो.
वाचलेले वीस वर्षांनी परततात
आणि एकेकाचा हिशोब करतात, नुसत्या हातांनी,
कारण गोळ्या बजेटात बसत नव्हत्या.
बर्फासाठी भट्टीतली जुनी वाळू, वर चुना.
रक्ताला बीट.
मागं दिसायच्या बंदुका खानापूरच्या सुतारानं घडवलेल्या,
बुटाच्या पॉलिशनं काळ्या केलेल्या.
ते काळं जेवताना भाकरीला लागायचं.

हिरो हुबळीचा, कराटेतला ब्लॅक बेल्ट, वय सव्वीस.
मारायच्या आधी ओरडायचा.
मी म्हटलं, बाळा, ओरडू नको.
ओरडायला जो श्वास लागतोय
तो त्या वक्ताला नसतोय.
तो हसला. "अंकल, आवाज नंतर भरतात."

मला एकदाच करावं लागलंय हातांनी.
जाफन्याकडं, माडांच्या बागेत, सत्त्याऐंशी साली.
त्यानं आवाज केला नाही. मीही नाही.
त्याच्या तोंडाला सुक्या मासळीचा वास होता.
नंतर त्याची पडलेली सायकल उचलून
मी भिंतीला नीट टेकवून ठेवली.
का, ते अजून कळलेलं नाही.

मोनाप्पाचा डावा कान त्याच बागेत गेला.
सात अर्ज केले त्यानं, सातही परत :
सेवेशी संबंध नाही.
सिनेमातल्या गद्दाराला सोनेरी चष्मा असतो, सूटकेस असते,
पोरंसोरंसुद्धा त्याला लगेच ओळखतात.
मोनाप्पाच्या कागदावर जांभळा शिक्का,
खालची सही लागत नाही.
लाथ कुणाला घालायची?

अठरा दिवस आम्ही मेलो.
एकोणिसाव्या दिवशी चहाला म्हणून बाहेर गेलो,
परत येतो तर गेटला कुलूप.
जनरेटर गेलेला, व्हॅन गेलेली,
व्हॅनमध्ये आमचे रोजचे कपडे.
जोतिबाचा फोन बंद.
जोतिबा, ज्यानं त्या बागेतनं मला खांद्यावर घालून
दीड मैल आणलं होतं.

मच्छ्याला त्याच्या दारात गेलो अकरा जण,
युनिफॉर्मात, छातीवर बिटाचे डाग.
जायच्या आधी ठरलेलं, कोण काय बोलणार,
गळपट्टी कोण धरणार.
गल्लीतली माणसं उठून उभी राहिली.
एकानं डोक्यावरची टोपी काढली.
त्याच्या बायकोनं दार उघडलं, आम्हांला बघितलं
आणि उंबऱ्यावरच खाली बसली.
"कवा?" एवढंच म्हणाली.

पोरगा तिचा पूंछला आहे.
हे आम्हा अकरांतल्या एकालाही आठवलं नव्हतं.

भरमाण्णा तिच्यासमोर उकिडवा बसला.
"काय झालं न्हाई वहिनी. सहज आल्ताव, चा प्यायला."
शेजारनं कप मागून आणले तिनं.
हात थरथरत होते, साखर बशीत सांडली.
आतल्या खोलीत कोणीतरी खोकलं.
तो खोकला आम्हा सगळ्यांना पाठ आहे,
रात्रीच्या गस्तीत त्याच्यावरनं जागा ओळखायचो.
कोणी मान वळवली नाही.
मोनाप्पानं विचारलं, "काय झालं?"
त्याला ऐकू आलं नव्हतं.
"काय न्हाई," मी म्हटलं, "चा घे."

सिनेमा निघाला, मोबाईलवर. नातवानं दाखवला.
नवव्या मिनिटाला मी मरतो.
ओरडत, मोठ्यांदा, तोंड उघडायच्याही आधीपासून,
कुठल्यातरी भाषेत.
कन्नड नव्हे, ती येते मला.